काकीचं ओलीशी वैर

काकी कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडे बघायची नाही, भिंतींकडे बघायची. तुम्ही "या काकी, बसा" म्हणा, चहाचं आधण चढवा, तिचं लक्षच नाही. पदर खोचून ती थेट कोपऱ्यात. उलटा हात भिंतीला लावायची, आपण तापकरी पोराच्या कपाळाला लावतो तसा. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर गाल लावायची. आणि त्यानंतर नाक. नाक लावलं की घरातल्यांनी समजावं, आता आपली धडगत नाही. "घाम इलो हा हिका!" असं म्हणून ती वळायची आणि त्या घरच्या बाईला अशी झापायची की विचारू नका. मग चहा प्यायची. चहा मात्र कधी नाकारला नाही हो तिने.

भोईवाड्याच्या बाजूला परळला आमची चाळ. तीन मजल्यांची, लाकडी जिन्याची. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं गिरणगावात नुसतं घोंघावत होतं. मी गिरगावातली, बोलणं जरा पुस्तकी, त्यामुळे चाळीतल्या बायका मला पहिले काही महिने "गिरगावकरीण" म्हणून चिडवायच्या. काकीला मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्याच दिवशी. माप ओलांडून आत आले, बायका उखाण्यासाठी मागे लागल्या, मी लाजून चूर, आणि तेवढ्यात गर्दीतून एक उंच, काटकुळी बाई वाट काढत आली ती माझ्या माहेरच्या ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिली.

"ट्रंक भिंतीक चिकटवन ठेवू नको," ती मला म्हणाली. "चार बोटां लांब ठेव. हवा फिराक व्हयी."

आता मी नवऱ्याचं नाव घेऊ की ट्रंक हलवू! सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आली वास घेणारीण. तू लक्ष देऊ नकोस." पण काकीने स्वतःच ट्रंक ओढली, मागे हात घालून भिंत चाचपली, आणि मग माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "चेडू बरा आसा," म्हणजे पोरगी बरी आहे, असा निकाल देऊन निघून गेली. पहिलं वर्षभर मी तिला "अहो काकी" म्हणत होते. ती "अगो काकी" कधी झाली ते कळलंसुद्धा नाही.

ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. एकटीच राहायची, आमच्या वर, सगळ्यात वरच्या मजल्यावर. कपाळाला कुंकू ठसठशीत, पण त्या कुंकवाचा धनी चाळीत कुणी कधी पाहिला नव्हता. "घोव गावाक आसा," एवढंच ती सांगे आणि विषय तिथे संपे. ओलीबद्दल तिला एवढा राग का, यावर चाळीत नाना गोष्टी होत्या. कुणी म्हणे तिची धाकटी बहीण ओलीच्या खोलीत आजारी पडून गेली. कुणी म्हणे तिचं मूल गेलं. बायका डोळे पुसून पुसून सांगायच्या. मला राहवेना. एकदा गॅलरीत तांदूळ निवडताना मी सरळ विचारलं, "काकी, तुला ओलीचा एवढा राग का गो?"

तिने मान वर करून जरा विचार केला.

"माका वास आवडणा नाय."

"बस? एवढंच?"

"बस. तुका कारला आवडता?"

मला कारलं बघवत नाही, हे तिला ठाऊक होतं. मी मान हलवली.

"मगे? कारल्यान तुझी कोण भैन मेली?"

मी हसून हसून तांदूळ सांडले. ते सुद्धा तिने तातडीने गोळा करायला लावले, कारण तिथली लादी पुसून ओली होती.

आंदोलनाच्या दिवसांतली तिची एक गोष्ट आमच्या चाळीत अजून सांगतात. खाली रस्त्यावर मोर्चा अडवला, अश्रुधुराची नळकांडी फुटली, की माणसं पळत आमच्या जिन्यात शिरायची. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी. आम्ही बायका गॅलरीत बादल्या भरून तयार असायचो. फडकी भिजवायची आणि खाली फेकायची, डोळ्यांवर धरायला. काकी यात सगळ्यात पुढे. जुनी लुगडी टराटरा फाडून तिनेच फडकी केली होती. पण धूर विरला, माणसं जरा सावरली, की ही जिन्यात उतरायची आणि एकेकाकडून फडकं मागायची. "दी हय. फडका दी माका परत." लोकांना कळेचना. गोळ्या सुटतील की काय अशी वेळ, आणि ही बाई चिंध्या मागत्येय! तर म्हणाली, "ओला फडका खिशात घालशात, इसारशात, आणि मगे तेका बुरशी येतली." एकदा एक पोलीसही डोळे चोळत आमच्या जिन्यात येऊन बसला होता. पोरगाच होता, घाबरला होता बिचारा. लोक त्याच्याकडे रागाने बघत होते. काकीने त्यालाही फडकं दिलं. आणि त्याचं होईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, परत घेण्यासाठी. मग सगळी फडकी गॅलरीत दोरीवर ओळीने. खाली रस्ता सुनसान, आणि वर आमच्या गॅलरीत फडकी वाळतायत.

वरच्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला सामाईक नळ होता, आणि त्या नळाची राखण काकीकडे. म्हणजे कुणी दिली नव्हती, तिनेच घेतली होती. पाणी दिवसातून दोनदा यायचं, सकाळी आणि संध्याकाळी. बाकी वेळ नळ कोरडा. बायका कोरडा नळ उघडून बघायच्या आणि तसाच टाकून जायच्या. काकी येता-जाता तो आवळायची. कामावर निघताना आवळायची, कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी आवळायची. वर्षानुवर्षं. इतकी, की त्या मजल्यावर दुसऱ्या कुणाला नळ बंद करायची सवयच उरली नव्हती. काकी आहे ना, बघेल.

आता माझं सांगते. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तो ह्यांना छातीचं दुखणं लागलं. तेव्हा त्या रोगाचं नाव कुणी मोठ्याने घ्यायचं नाही. ह्यांना इस्पितळात ठेवलं, आणि महिन्यांमागून महिने गेले. मी रोज डबा घेऊन जायची. आधी हे बोलायचे, चाळीतलं काय चाललंय विचारायचे, सभेत कोण काय बोललं ते विचारायचे. मग हळूहळू विचारणंच बंद झालं. डबा तसाच परत येऊ लागला. शेवटी एप्रिलात डॉक्टर म्हणाले, "आता त्यांच्यापासून कुणाला भीती नाही. घरी नेलं तर मनाने उभारी धरतील. पण खोली कोरडी हवी. जरा जरी ओल असेल तर पावसाळ्यात पुन्हा उलटेल. तसं असेल तर मी त्यांना देशावरच्या सॅनिटोरियममध्ये पाठवतो, दिवाळीपर्यंत." मी म्हटलं, आमची खोली कोरडी ठणठणीत आहे. खरंच होती. काकी माथ्यावर असताना कुणाची टाप होती ओल आणायची! ह्यांना सांगितलं तर इतक्या महिन्यांनी हे हसले. म्हणाले, "मला घरी ने गं. आता दुसऱ्या इस्पितळात गेलो तर मी परत येणार नाही." ते चिडून नाही म्हणाले, अगदी शांतपणे म्हणाले. त्यानेच मला धडकी भरली. मे महिनाअखेर त्यांना घरी आणायचं ठरलं.

आणि मग महाराष्ट्र झाला. मुंबईसकट! काय तो दिवस सांगू तुम्हाला. गुढ्या उभारल्या, पेढे वाटले, म्हातारी माणसं रडत होती. संध्याकाळी अख्खी चाळ रोषणाई बघायला बाहेर पडली, घरात एक माणूस राहिलं नाही. काकीसुद्धा. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि दादरच्या रस्त्यात लेझीम चाललं होतं त्यात ती शिरली! आम्ही तोंडात बोटं घातली. एवढी वर्षं भिंतींचे वास घेणारी बाई, पण त्या दिवशी पोरीबाळींत पोर झाली होती.

दिवेलागणीनंतर परतलो तर जिन्यावरून पाणी ओघळत होतं.

वरचा नळ सताड उघडा. कुणीतरी दुपारी कोरडा बघून तसाच टाकलेला. त्याच्या खालच्या मोरीत भांडी घासायची राख तुंबलेली. संध्याकाळचं पाणी आलं आणि तासन्‌तास ते गॅलरीत, लाकडी तक्तपोशीत आणि तिथून खाली. नळाच्या बरोबर खाली कुणाची खोली? आमची. छतातून धार, भिंत वरपासून खालपर्यंत काळी, ह्यांच्यासाठी नवी भरून घेतलेली कापसाची गादी पाण्याने फुगलेली. मी दारातच बसले. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. काकी आत आली, भिंतीपर्यंत गेली, पण हात लावला नाही. हात अर्ध्यावर तसाच राहिला.

"मी नळ बघूक नाय," ती म्हणाली. "नाचत होतंय मी."

सगळे म्हणाले, अगो, तुझं काय काम होतं ते, ज्याने उघडला त्याने बंद करायचा. ती काही ऐकेना. खाली मान घालून नुसती उभी. तिच्या डोक्यातला गजरा एका बाजूला कलंडला होता, मला अजून दिसतो. मला तिचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला तिचीच दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पदर खोचून हजर. गिरणीतून रजा टाकून आली होती. "पाऊस यायच्या आधी ही भिंत सुकाक व्हयी," म्हणाली. "एकदा पाऊस पडलो की ही दिवाळीपर्यंत सुकाची नाय." आणि घरावर तिचं राज्य सुरू झालं. सगळं सामान गॅलरीत. गादी उसवली, कापूस गच्चीवर उन्हात पसरला, पिंजाऱ्याला बोलावणं गेलं. भिंतीवरचे चुन्याचे सुटलेले पोपडे खरवडून खालपर्यंत भिंत उघडी केली. सासूबाई म्हणाल्या, शेगडी पेटवून दारं लावूया, लवकर सुकेल. काकी किंचाळलीच. "दारां लावशात तर वाफ जातली खय? उलट उघडा सगळा!" मग दार-खिडकी सताड, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत. चुनकळीचे खडे परातीत घालून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवले. ते ओल ओढून फुगायचे, फुटायचे, आणि काकी नवे ठेवायची. घरात कुणी ओला पंचासुद्धा वाळत घालायचा नाही.

आणि भिंत सुकली की नाही हे कसं बघायचं? चुरमुऱ्यांनी! काकी संध्याकाळी येऊन प्रत्येक कोपऱ्यात एका द्रोणात मूठभर कुरकुरीत चुरमुरे ठेवायची. सकाळी कामावर जायच्या आधी येऊन एकेका कोपऱ्यातले खायची. शांतपणे चावायची, डोळे मिटून. "ह्यो कोपरो पास." पुढचा कोपरा. "ह्यो पन पास." मोरीजवळच्या कोपऱ्यातले चुरमुरे मात्र दर सकाळी वातड. "नापास," म्हणून ती तोंड वाकडं करायची. मुंग्या व्हायच्या, सासूबाई वैतागायच्या, पण चुरमुरे चुकले नाहीत. चाळीतली माणसं कामावर जाताना दारातून डोकावून विचारायची, "काय वहिनी, आज किती पास?"

पंधरवडा उलटला तशी भिंतीवर उजळ रंग दिसायला लागला. मला वाटलं, जमलं. आणि नेमकी तेव्हाच सासूबाईंनी कमाल केली.

त्यांचीही माया होतीच हो. मुलगा घरी येणार, आणि त्याला ही खरवडलेली, डागाळलेली भिंत दिसणार, हे त्यांना बघवत नव्हतं. काकी पाळीवर गेली होती, मी इस्पितळात डबा घेऊन गेले होते. सासूबाईंनी काय केलं, मैद्याची खळ शिजवली आणि राज्य झालं त्या दिवसाची सगळी वर्तमानपत्रं त्या कोपऱ्यात भिंतीवर चिकटवली. मधोमध रस्त्यावर विकत मिळालेला महाराष्ट्राचा मोठा रंगीत नकाशा. मी परत आले तर म्हणाल्या, "बघ, शोभाही आली आणि डागही झाकला." खोटं कशाला बोलू, मलाही ते छान दिसलं.

काकी संध्याकाळी आली. दारातच थांबली. तिने नाक वर केलं.

"खळ मैद्याची?"

"मग कसली असते?" सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

"थोडा तूप पन घालूचा होता!" काकीचा आवाज चढला. "अगो, ओली भिंत, तिच्यार मैदो! बुरशेक पंगत वाढलंस तू! गिरणीत खळीचा सूत ओला रवला तर काळा पडता, तशी आता ही भिंत होतली!"

"अहो, तुम्ही तुमच्या गिरणीतलं गिरणीत ठेवा," सासूबाई म्हणाल्या. दोघी एरवी एकमेकींना "अगो" म्हणायच्या. भांडण लागलं की "अहो".

"काढा तां आत्ताच्या आत्ता, अहो."

"काढू? तो नकाशा फाडू? त्याच्यासाठी माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या, आणि मी तो फाडू? घ्या, तुम्हीच फाडा. लावा हात."

काकी पुढे झाली. नकाशाच्या कोपऱ्याखाली तिने नख घातलं. आणि थांबली. मला तिची पाठच दिसत होती. मग तिने नख काढून घेतलं आणि वर निघून गेली. तिच्याच्याने तो फाडवेना. चार दिवस तो तसाच राहिला, कारण माझ्याच्यानेही फाडवेना.

चार दिवसांत व्हायचं ते झालं. आधी कोकणात ठिपके आले, बारीक, करडे. मग सगळी किनारपट्टी लव फुटल्यासारखी झाली. मुंबई काळी पडली. विदर्भ तेवढा कोरडा होता. खोलीत शिरलं की मलासुद्धा वास यायला लागला, आणि सासूबाई त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागल्या. शेवटी रविवारी काकीने सुरीच्या पात्याने तो नकाशा हलक्या हाताने, एकाच तुकड्यात सोडवला. वर्तमानपत्रं खरवडली. खालची भिंत पहिल्या दिवसाइतकीच गार आणि ओली होती. सासूबाई रडायला लागल्या. "मी माझ्या पोराच्या आड आले गो," असं म्हणत राहिल्या. मला वाटलं, आता काकी बोलणार. पण तिने मोरचूद घातलेलं चुन्याचं पाणी त्या काळ्या डागांवरून फडक्याने फिरवलं आणि नवी चुनकळी आणून ठेवली.

मे संपत आला. आभाळ भरून यायचं आणि जायचं. मी सारखी वर बघायची. इस्पितळातून निरोप आला, उद्या घेऊन जाता की पाठवू देशावर, खाट दुसऱ्याला द्यायची आहे. त्या दिवशी ह्यांनी डबा संपवला होता, मुद्दाम, मला दाखवण्यासाठी. "बघ, मी जेवायला लागलो," म्हणाले. मी घरी येईपर्यंत रस्ताभर रडत आले.

आदल्या संध्याकाळपासून कोपऱ्यात चुरमुरे ठेवलेले होते. काकी आली. आम्ही तिघीच होतो खोलीत. बाहेर ढग गडगडत होते. तिने द्रोण उचलला, दोन दाणे तोंडात टाकले. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. तोंडातून आवाज काही आला नाही.

"नापास," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून खाली बसले. इतके दिवस धरून ठेवलेला धीर सुटला. मी म्हटलं, "ते नाही परत यायचे काकी. ते मला बोललेत." सासूबाईंनी तोंडात पदर घातला.

काकीने द्रोण खाली ठेवला. हात झटकले. "उद्याच्या उद्या तेका माझ्या खोलीत हाड," ती म्हणाली. घेऊन ये त्याला, माझ्या खोलीत. "माझी खोली सुकी आसा. कौलां परवाच बघितलंय मी. तू आणि तो वर रवा."

"आणि तू?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हय. तुझ्यावांगडा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एकाच खोलीत, पावसाळाभर! इतक्या दुःखातही मला हसू फुटलं हो.

तर अशा रीतीने आम्ही वर गेलो. काकीची खोली म्हणजे काय सांगू. पांढरीशुभ्र, निळीचा हात दिलेली. भिंतीला टेकून एक वस्तू नाही. उंबरा वीतभर उंच, म्हणून त्या दिवशी नळाचं पाणीसुद्धा आत शिरलं नव्हतं. ट्रंक विटांवर, भांडी फळीवर पालथी. कोरडी इतकी की मीठ मोकळं सळसळे. आणि कसलाच वास नाही. फोडणीचा नाही, तेलाचा नाही, पांघरुणाचासुद्धा नाही. हे पहिल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "इथे खरंच कुणी राहत होतं का गं?"

पाऊस धो धो लागला. खाली भिंतीने काळेपणा धरला आणि त्या काळेपणात या दोघी. तक्तपोशी लाकडाची, खालचा शब्द न्‌ शब्द वर ऐकू यायचा. "अहो, तुम्ही रात्रभर घोरता!" "अहो, तुमचो हात माझ्या पानात कशाक?" हे पडून ऐकायचे आणि हसायचे. आधी हसले की खोकला यायचा, आणि मी धावायची. मग हसणं वाढत गेलं, खोकला मागे पडला. श्रावणात हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. गोकुळाष्टमीला स्वतःहून जिना उतरून खाली गेले, आईच्या हातची शेवग्याच्या पाल्याची भाजी खायला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उत्तम. मला त्या दिवशी कुणाच्या पाया पडू आणि कुणाच्या नको, असं झालं होतं.

खाली काकीचं काय चाललं होतं ते मला पुढे सासूबाईंनी सांगितलं. तिला त्या वासात डोळा लागत नसे. पाऊस थांबला की ती उंबऱ्यावर उशी घेऊन डोकं बाहेर गॅलरीत काढून पडायची. सकाळी मात्र कुणी विचारलं तर म्हणायची, झोप छान लागली. सासूबाई रोज संध्याकाळी तिच्यासाठी म्हणून धूप घालायच्या आणि वरकरणी म्हणायच्या, डास फार झालेत.

दसऱ्यानंतर ऊन पडलं आणि ती भिंत एकदाची सुकली. काकीने चारही कोपऱ्यांतले चुरमुरे खाल्ले आणि पास केले. हे पुन्हा कामावर जायला लागले होते. आम्ही सामान खाली आणलं.

मनात म्हटलं, या बाईने आपल्यासाठी काय नाही केलं, तर तिची खोली तिला होती तशी परत द्यायची. लादी घासली, फळ्या धुऊन पुसल्या. पण भिंती कशा धुणार? पाच महिने आम्ही तिथे राहिलो होतो. औषधं, छातीला चोळायचं तेल, रोजची कांद्याची फोडणी, उदबत्ती, ह्यांच्या कांबळीची ऊब, माझ्या केसांचं खोबरेल. सगळं त्या भिंतींत मुरलं होतं. मी बादलीभर चुना भिजवला, नीळ घातली, कुंचा आणला. पहिला हात मारणार, तेवढ्यात काकी कामावरून आली. पाच महिन्यांनी आपल्या दारात.

"ह्या बादलीत काय?"

"चुना गो. एक हात मारून देते, म्हणजे वास जाईल."

ती आत आली. भिंतीकडे गेली नाही. खोलीच्या मधोमध, जिथे ह्यांची खाट होती, तिथे जाऊन उभी राहिली. सावकाश श्वास घेतला.

"कसलो वास येता गो?"

मला फार शरमल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आमचाच काकी. दोन माणसं राहिली ना एवढे दिवस. म्हणून तर चुना..."

ती खाली बसली, घासलेल्या लादीवर. पाय पसरले. चप्पलसुद्धा काढायची राहिली होती.

"रवांदे," ती म्हणाली. राहू दे.

"अगो, पण तुला वास..."

"रवांदे म्हटलंय मां. थोडे दिस रवांदे." तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. "चुनो काय, कधीय लावता येता."

मी भरलेली बादली उचलली आणि तशीच खाली घेऊन आले. ह्यांनी विचारलं, "का गं, झालं नाही?" मी बादली झाकून ठेवली आणि फोडणीसाठी कांदा चिरायला घेतला.